बदक कोणाच्या गळ्यात

एप्रिलपासून वर्लिन हॅचर गळ्यात बदक घालून हिंडत होता, आणि आता ऑक्टोबर लागला होता.

बदक जिवंत नव्हतं. हार्लन फुगेटच्या मेव्हण्यानं एकदा पक्ष्यांत पेंढा भरायला शिकायचं ठरवलं, पहिलं बदक भरलं, आणि ते बघून शिकणं थांबवलं. ते बदक मग स्लेट हॉलोच्या ठासणीच्या बंदुकांच्या क्लबाला भेट मिळालं. त्याचं नाव बर्निस. एक डोळा काचेचा, दुसऱ्या जागी कोटाचं बटण, आणि चेहऱ्यावर नुकतीच वाईट बातमी कळल्यासारखा भाव. मानेभोवती चामड्याची वादी बांधून ते एका माणसाच्या छातीवर लटकत असे. तो माणूस कोण, हे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चांदमारीवर ठरायचं.

ठरायची पद्धत सोपी होती. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासून खाली बसवायची, शेवटी घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी लावायची. हा क्रम दोनशे वर्षं बदललेला नाही, आणि दोनशे वर्षं माणसं दारू ओतायला विसरत आली आहेत. मग चाप ओढला की नुसतं 'टप्' होतं, आणि गोळी आत सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी बसून राहते. तिला कोरडी गोळी म्हणतात. स्लेट हॉलोत कोरडी गोळी ठासणाऱ्याच्या गळ्यात बर्निस पडायची, आणि दुसरं कोणी तसंच विसरेपर्यंत, दहाहून जास्त माणसं जमतील तिथे तिथे ती घालून जावं लागायचं.

एप्रिलमध्ये वर्लिनला कोणीतरी किती वाजले विचारलं होतं. एवढंच झालं होतं.

त्यानंतर बर्निस दोन अंत्यविधींना, एका लिलावाला आणि एका रक्तदान शिबिराला जाऊन आली. शिबिरात नर्सनं तिचंही नाव लिहून घेतलं. अंत्यविधींपैकी एकात मयत स्वतः क्लबाचा सदस्य होता, त्यामुळे तिथे उलट घरच्यांना बरंच वाटलं.

पण पुढच्या शनिवारी वर्लिनच्या मुलीचं, टॅबिथाचं लग्न होतं. नवरा मुलगा केविन कोलंबस शहरचा, त्याचे आईवडील दोघंही दातांचे डॉक्टर, फोटोवाला शहरातून येणार होता. टॅबिथानं फोनवर बापाला सांगितलं होतं, "डॅड, मला तुझ्याकडून काही नको. फक्त ते बदक नको."

सूट मागायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी हार्लननं निवृत्तीच्या जेवणापुरती सूट मागितली होती, तेव्हा वर्षाच्या सभेत कधीच न बोलणारा वर्लिन उठून उभा राहिला, "नियम म्हणजे नियम" म्हणाला आणि खाली बसला. क्लबाच्या पुस्तकात हे वाक्य त्याच्या नावासकट छापलं गेलं. हार्लनच्या निवृत्तीच्या फोटोत बर्निस मधोमध आहे आणि हार्लन थोडा बाजूला.

तेव्हा आजच्या सामन्यात दुसऱ्या कोणीतरी दारू विसरायला हवी होती. लग्नाआधीचा हा शेवटचा सामना होता.

वर्लिननं यावर आठवडाभर विचार केला. तो बोअर मारायचा धंदा करायचा. मशीन दिवसभर इतकं धडधडे की बोलून उपयोग नसे, आणि तीस वर्षांत ती सवय घरीही आली होती. पण माणूस दारू कधी विसरतो हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं: भरताना कोणी बोललं की. भरणाऱ्याशी बोलू नये असा नियम नव्हता. तो नुसता शिष्टाचार होता, आणि शिष्टाचार कुठे छापलेला नव्हता.

त्यानं डिझेलच्या पावतीमागे बोलायचे विषय लिहून आणले. हवा. गुडघे. मक्याचा भाव. हवा (पुन्हा). पाचवा विषय सुचला नाही म्हणून तिथे त्यानं 'वगैरे' लिहिलं होतं.

सकाळी धुकं होतं. पिकअप गाड्या कुंपणाला लागल्या, बाकड्यांवर दारूची शिंगं, मापं, चिंध्यांचे डबे मांडले गेले. अकरा जण आले होते, म्हणजे बर्निस गळ्यात घालावीच लागली. पेगी स्टिडम पंच होती. चौतीस वर्षं शाळेची बस चालवल्यामुळे तिला आरशात न बघता मागचं दिसायचं. तिनं शिट्टी वाजवली आणि पहिली फेरी सुरू झाली: प्रत्येकी पाच बार, पन्नास यार्डांवर, उभ्यानं.

वर्लिन हार्लनच्या बाकड्याशी जाऊन उभा राहिला. हार्लन माप भरत होता.

"हार्लन," वर्लिन म्हणाला. "गुडघे कसे आहेत?"

हार्लननं माप खाली ठेवलं. "कोणाचे?"

"तुझे."

"तुला काय करायचंय माझ्या गुडघ्यांशी?"

"सहज."

हार्लन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. दोघं एकोणीस वर्षं शेजारच्या बाकड्यावर बंदुका भरत होते, आणि एवढ्या काळात वर्लिननं त्याला एकदाच प्रश्न विचारला होता, तोही हार्लनच्या गाडीला आग लागली होती म्हणून.

"डॉक्टरकडे गेला होतास का?" हार्लननं हळू आवाजात विचारलं.

"नाही. हवा बरी आहे आज."

"अरे देवा," हार्लन म्हणाला. त्यानं न विसरता दारू ओतली, बार काढला, नऊ गुण मिळवले, आणि तडक पलीकडच्या बाकड्याकडे गेला. तिथे तो कुजबुजला. तिथला माणूस पुढच्या बाकड्याकडे गेला.

वर्लिननं आणखी तिघांवर प्रयोग केला. मक्याच्या भावाबद्दल बोलताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला मक्याचा भाव माहीत नाही. तो मनानं सांगितला. ऐकणाऱ्या शेतकऱ्यानं एरवी त्याला वेड्यात काढलं असतं, पण त्यानं नुसती मान हलवली आणि वर्लिनच्या दंडावर थोपटलं. पहिली फेरी संपेस्तोवर मैदानावर सगळ्यांना कळलं होतं की वर्लिन हॅचरचे फार दिवस राहिलेले नाहीत.

एकानं त्याला ॲपल पायचा तुकडा आणून दिला. दुसऱ्यानं खुर्ची आणली. तिसऱ्यानं, ज्यानं २००८ मध्ये वर्लिनचा चांगला गज मागून नेला होता, तो परत आणून दिला. गज वाकलेला होता, पण हेतू चांगला होता.

फक्त पेगी फसली नाही. ती जवळ येऊन उभी राहिली.

"वर्लिन, तू मरत नाहीयेस."

"नाही."

"लोकांना विसरायला लावतोयस. पुढच्या शनिवारसाठी."

वर्लिन तुकडा खात राहिला. खोटं बोलणं हा त्याच्या यादीतला विषय नव्हता. "नियमात बसतं?"

"बसतं," पेगी म्हणाली. "शोभत नाही, पण बसतं. खाऊन झाल्यावर बशी नीट ठेव."

दुसऱ्या फेरीत वर्लिन कोणाकडेही गेला नाही. त्याच्याकडचे विषय संपले होते आणि घसाही दुखत होता. पण ब्रदर डॉयल प्रुइट आपणहून त्याच्या शेजारच्या बाकड्यावर आले. हे गावच्या चर्चचे पाद्री. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, स्वतः बोलतच ते बंदूक भरायचे, आणि त्यामुळे बावीस वर्षांत त्यांची गोळी कधी कोरडी गेली नव्हती. वर्लिननं त्यांचं नाव विचारातही घेतलं नव्हतं.

"वर्लिन," ते शिंगातून मापात दारू ओतत म्हणाले, "कानावर आलं ते. मनात काही असेल तर बोल. मी ऐकतो."

"मी बरा आहे, ब्रदर डॉयल."

"हो हो. सगळे तसंच म्हणतात. सुरुवात अशीच होते."

वर्लिननं बंदुकीच्या नळीत बघितलं. खरं सांगून टाकलं तर हे जातील, असं त्याला वाटलं. "मुलीच्या लग्नाचं आहे," तो म्हणाला.

"टॅबिथाच्या?"

"ती सहा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात झाड झाली होती. माणसं फार होती. मी बाहेर गाडीत बसलो. मग तिच्या शाळेच्या निरोप समारंभालाही गाडीतच बसलो. म्हणजे, खिडकी उघडी ठेवली होती. बँडचा आवाज येत होता."

ब्रदर डॉयल काही बोलले नाहीत. ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती.

"तिच्याबरोबर माझा धड एकही फोटो नाही," वर्लिन म्हणाला. "एक आहे. त्यात माझं कोपर आहे. ती म्हणते, ते तुझंच कोपर आहे, मी ओळखते. तर म्हटलं, या वेळी आत जायचं. सरळ उभं राहायचं. आणि आता हे." त्यानं बर्निसकडे हनुवटी केली. "तिनं एवढंच मागितलंय, की हे नको."

ब्रदर डॉयलनी हातातलं भरलेलं माप बाकड्यावर ठेवलं, आणि तो रिकामा झालेला हात वर्लिनच्या खांद्यावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग त्यांनी डोळे टिपले, चिंधी घेतली, गोळी घेतली, गजानं ठासली, टोपी लावली, नेम धरला.

टप्.

बाकड्यावर माप काठोकाठ भरलेलं होतं. ब्रदर डॉयलनी त्याच्याकडे बघितलं, मग बंदुकीकडे, मग आकाशाकडे, पण तिकडून काही मदत आली नाही. त्यांनी नियमाप्रमाणे हात वर केला.

"कोरडी!" पेगी ओरडली, आणि अकराच्या अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यात ब्रदर डॉयलही होते. त्यांनी मान खाली केली आणि बर्निस सहा महिन्यांनी वर्लिनच्या छातीवरून उतरली.

वर्लिनला इतकं हलकं वाटलं की पहिल्या बाराला बंदूक वर गेली. उरलेले चार त्यानं मधोमध लावले. हार्लन म्हणाला, "मरता मरता बरा नेम आलाय तुझा."

"मी मरत नाहीये."

"मग तो गज परत दे म्हणतोय तो."

दुपारी घेवड्याच्या बियांचं कालवण आणि मक्याचा पाव होता. ब्रदर डॉयलनी वाडग्यावर वाकून, बर्निसला कालवणात बुडू न देता, खिशातली डायरी काढली. ते मोठ्यानं वाचू लागले, कारण ते मनात काही वाचतच नसत. "उद्या सकाळची उपासना. तिथे ठीक आहे, लोक मला ओळखतात. बुधवारी म्हाताऱ्या मिसेस कॉफ्मनना पोचवायचं. त्यांना पक्षी आवडायचे. शनिवारी..."

ते थांबले. वर्लिनचा चमचा थांबला.

"वर्लिन," ब्रदर डॉयल म्हणाले, "लग्नात मी कुठे उभा असतो, लक्षात आहे ना?"

वर्लिनला सगळे फोटो एकदम दिसले. नवरी डावीकडे, नवरा उजवीकडे, आणि दोघांच्या बरोबर मध्ये, खांद्याच्या उंचीवर, बर्निस. शपथ घेताना बर्निस. अंगठी घालताना बर्निस, बटणाच्या डोळ्यानं अंगठीकडे बघताना. नवरीच्या बापाला फोटोवाला एका बाजूला सरकवू शकतो, अगदी कोपरापर्यंत कापू शकतो. पाद्र्याला कापता येत नाही. पाद्र्याशिवाय ते लग्नच वाटत नाही.

"तुम्ही नाही म्हणा ना," वर्लिन म्हणाला. "तुम्ही पाद्री आहात."

"नियम म्हणजे नियम," ब्रदर डॉयल खेदानं म्हणाले. "पुस्तकात आहे. तुझं नाव आहे खाली."

हार्लन इतका हसला की त्याला पाठीत गुद्दे घालावे लागले.

तिसरी फेरी शेवटची होती. पहिल्याच बाराला वर्लिननं चिंधी ठेवली, गोळी ठासली, टोपी लावली, चाप ओढला. टप्. त्यानं घाईघाईनं हात वर केला. "कोरडी. विसरलो."

पेगी येऊन उभी राहिली. "तू मापाला हात लावलास, मग शिंगाकडे बघितलंस, मग इकडेतिकडे बघून हात मागे घेतलास. ह्याला विसरणं म्हणतात?"

"गोळी कोरडीच आहे की."

"नियम काय म्हणतो? 'दारू भरण्यास विसरल्यास.' तू विसरला नाहीस. तू दारू न भरण्याचं लक्षात ठेवलंस. हे चालू दिलं तर उद्या कोणीही उठेल आणि बदक मागेल."

"कोण मागेल?" हार्लननं विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," पेगी म्हणाली.

वर्लिनला गजाच्या टोकाला स्क्रू लावून ती गोळी ओढून काढावी लागली. त्यात सात मिनिटं गेली. चार बार उरले, आणि आता त्याला खरोखर विसरायचं होतं. त्यानं विसरायचा प्रयत्न केला. दारू, दारू, दारू, असा जप डोक्यात सुरू झाला. एवढी दारू त्याला उभ्या जन्मात आठवली नव्हती. दुसरा बार धडाम वाजला आणि दहा गुण मिळाले. त्यानं शिवी दिली.

तेव्हा हार्लन त्याच्या बाकड्याशी आला. "बरं," तो म्हणाला. "माझे गुडघे. डावा जास्त दुखतो."

वर्लिननं वर बघितलं.

"तू विचारलं होतंस ना सकाळी. डावा. जिना उतरताना. चढताना नाही, आता हे का ते विचार."

"का?"

"डॉक्टरलाही माहीत नाही!"

त्याच्यामागे मक्याचा शेतकरी उभा होता, त्यानं खरा भाव सांगितला. गजवाल्यानं २००८ साली गज कसा वाकला ते पहिल्यापासून सांगितलं, त्यात एक बोकड होता. सगळे एकदम बोलत होते. वर्लिनच्या भोवती त्याच्या मुलीच्या बारशापासून एवढी माणसं जमली नव्हती, आणि बारशालाही तो गाडीत होता. तरीही तिसरा बार वाजला. चौथाही वाजला. त्याला चारही बारांचे मिळून चाळीस गुण पडायची भीती निर्माण झाली होती.

शेवटचा बार राहिला. वर्लिननं शिंग उचललं.

"एक राहिलंच," ब्रदर डॉयल बर्निस सावरत म्हणाले. "जेवणाच्या वेळी मी तुला कधी उठवू? अगोदर की केक कापल्यावर?"

"कशाला उठवायचं?"

"भाषणाला. नवरीच्या बापाचं."

वर्लिनच्या हातातलं शिंग तसंच राहिलं. "कसलं भाषण?"

"चार शब्द. दोन मिनिटं फार तर. पाहुणे दीडशे आहेत म्हणे."

दीडशे. वर्लिनला कोणी हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तेव्हा मशीन चालू असेल. दीडशे माणसं, ताटल्या समोर, सगळी तोंडं त्याच्याकडे. आत जायचं, सरळ उभं राहायचं, इथवर त्यानं मनाची तयारी केली होती. तोंड उघडायचंही असतं हे त्यात नव्हतं. काय बोलायचं? हवा? गुडघे? झाडाचं सांगावं का? झाड झाली तेव्हा तिला एकच वाक्य होतं, आणि ते काय होतं हे त्याला आजतागायत ठाऊक नाही, कारण खिडकीतून ते ऐकू आलं नाही. हे सांगावं का? दातांच्या डॉक्टरांसमोर?

त्याच्या हातांनी चिंधी ठेवली, गोळी ठेवली, गज मारला, टोपी लावली. बंदूक खांद्याला लागली. त्याचं लक्ष निशाणावर नव्हतंच.

टप्.

वर्लिन निशाणाकडे बघत राहिला. मग बंदुकीकडे. "वाजली नाही," तो म्हणाला. "टोपी ओली आहे वाटतं."

पेगीनं शिंग उचलून हलवून बघितलं, माप उलटं केलं. ते कोरडं ठणठणीत होतं. मग तिनं वर्लिनच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे अजूनही दीडशे माणसं जेवायला बसलेली होती.

"विसरलास?"

"काय?"

"कोरडी," पेगीनं जाहीर केलं, "आणि खरीखुरी." टोप्या आभाळात उडाल्या. ब्रदर डॉयलनी स्वतःच्या हातानं बर्निस वर्लिनच्या गळ्यात घातली आणि वादीची गाठ मागे नीट बसवली, जशी ते कोरसमधल्या लहान मुलांची कॉलर बसवायचे.

घरी निघण्याआधी वर्लिननं गाडीत बसून टॅबिथाला फोन लावला. सहसा ती त्याला करायची.

"डॅड? काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही. टॅबी, बदक येणार आहे."

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला. "कोणाच्याच हातून चूक झाली नाही?"

"झाली. ब्रदर डॉयलच्या."

"मग तर... अरे बापरे. मग ते मधोमध..."

"हो. म्हणून परत घेतलं."

टॅबिथा बराच वेळ गप्प राहिली. गप्प राहणं तिनं बापाकडूनच घेतलं होतं, पण बापाला मात्र ते ऐकायला कठीण जात होतं. "मी कडेला उभा राहीन," तो म्हणाला. "कोपर वगैरे. चालेल ना?"

"नाही," टॅबिथा म्हणाली. "माझ्या बाजूला उभं राहायचं. बदकासकट. केविनच्या आईला मी सांगते काय ते."

"काय सांगशील?"

"माहीत नाही. आजार आहे म्हणून सांगते."

वर्लिननं स्टीअरिंग पुसलं. "ते भाषणाचं... दीडशे माणसं आहेत?"

"एकशे बासष्ट. डॅड, घाबरू नकोस. तू बोलत असताना तुझ्याकडे कोणीसुद्धा बघणार नाही."

"असं का?"

"तुझ्या गळ्यात बदक असेल."

हे वर्लिनच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं शेजारच्या सीटवरच्या बर्निसकडे बघितलं. गाडीत बसताना त्यानं ती गळ्यातून काढली होती, आणि ती तिथे अंग टाकून बसली होती, एक डोळा खिडकीबाहेर. एप्रिलपासून तो तिला पहिल्यांदाच नीट बघत होता.

"बरं, ऐक," टॅबिथा म्हणाली, "फोन केलाच आहेस तर. केटरिंगवाल्याला आज आकडा द्यायचाय. तुला ताटात चिकन सांगू की मासा?"

वर्लिननं विचार केला.

"मासा," तो म्हणाला. "चिकन बरं दिसणार नाही."